एम. एच. ठाणा

केदारने आणलेले तीन कागद सुशांतच्या घरी जेवणाच्या टेबलावर पसरले गेले, तेव्हा मालनबाईंनी पहिल्यांदा एवढंच विचारलं की यात दादांचं, म्हणजे आपल्या वडिलांचं, नाव कुठे आहे. सुशांतने आईचं बोट धरून पहिल्या ओळीवर ठेवलं. रघु धोंडू उतेकर, शिपाई. त्यांनी बोट तिथेच थोडा वेळ राहू दिलं आणि मग पुन्हा आपल्या ताटाकडे वळल्या. ताटात मोड आलेले वाल होते. रविवारी सगळे जमायचे म्हणून बिरड्याचा घाट त्यांनीच घातला होता.

कागद झेरॉक्सचे होते. मूळ कागदावरच्या घड्या, डाग, फायलीसाठी पाडलेली भोकं, सगळं काळं होऊन उमटलं होतं. अक्षरं टाइप केलेली, इंग्रजी, पण वाचून समजावं असं ते इंग्रजीच नव्हतं. तारीख, मग दोन-तीन तुटकी अक्षरं, टिंब, पुन्हा अक्षरं. सुशांतने आयुष्यभर बँकेत इंग्रजी कागद हाताळलेले. चष्मा कपाळावर चढवून आणि पुन्हा नाकावर आणून त्याने पहिलं पान दोनदा वाचलं, आणि त्याला कळलं ते इतकंच की आपले आजोबा एक्केचाळीस साली पलटणीत भरती झाले आणि मुंबईहून बोटीत चढले. पुढे नुसती अक्षरं होती.

हे कागद मागवायचं कारण गाव होतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला उतेकरांचं गाव, आणि त्या गावातून महायुद्धात गेलेल्या माणसांची नावं एका शिळेवर कोरून देवळासमोर बसवायची, असं गावकीने ठरवलं होतं. शिळेवर दोन रकाने. एका बाजूला कामी आलेले, दुसऱ्या बाजूला परत आलेले. रघु उतेकरांचं नाव कुठल्याच बाजूला नव्हतं. गावात लहानपणापासून सगळे एकच ऐकत आले होते, की रघु पलटण सोडून पळाला, तिकडेच कुठेतरी इटलीत नाहीतर मिसरात राहिला. पळालेल्याचं नाव शिळेवर कसं घालणार, असं गावकीच्या मंडळींनी फोनवर सुशांतला विचारलं होतं. बोलणं सभ्यच होतं. कागद दाखवा, आम्ही लगेच घालतो, असंही म्हणाले होते.

म्हणून केदारने पुढाकार घेऊन लष्कराच्या दप्तरातून हे कागद मागवले. केदार हा पोपटचा नातू. पोपट म्हणजे रघुचा धाकटा भाऊ, कल्याणला रेल्वेच्या शेडमध्ये नोकरीला होता. रघु पळाल्याची बातमी आल्यावर वहिनीला आणि तिच्या लहानग्या मुलीला गावातून उचलून आपल्या चाळीतल्या खोलीत घेऊन आला तो हाच. ती मुलगी म्हणजे मालन. तिला शाळेत घातलं पोपटने, तिचं कन्यादान केलं पोपटने. उतेकरांच्या दोन्ही घरांत देवाच्या खालोखाल कोणाचा फोटो असेल तर तो पोपटचा.

सुशांतचं बोट दुसऱ्या पानावर एका जागी थांबलं.

"केदार, हे काय आहे? डी, ई, एस."

कल्याणहून येताना गाडीत केदारने ती ओळ वाचली होती, फोनवर शोधूनही पाहिली होती. त्याची आई निशा शेजारी बसलेली होती आणि तिने विचारलं तेव्हा त्याने काही नाही म्हणून सांगितलं होतं.

"डेझर्टेड," तो म्हणाला. "सुशांतदादा, मला वाटतं ते डेझर्टेडचंच आहे."

ताटातल्या वालांचा आवाज थांबला. मालनबाईंनी विचारलं, म्हणजे काय. सुशांतला आईकडे बघवेना. पळून गेले असा अर्थ होतो, असं त्याने खाली बघत सांगितलं.

"म्हणजे खरंच होतं," मालनबाई म्हणाल्या आणि पुन्हा वाल सोलू लागल्या.

*

केदारला जे वाटलं ते त्याने कोणाला सांगितलं नसतं. त्याला हायसं वाटलं होतं. आपल्या आजोबांनी सगळ्यांना जे सांगितलं तेच खरं निघालं, सरकारी कागदानेच त्यांची बाजू घेतली, असं काहीसं. आणि समोर पंच्याऐंशीची आत्या सालं बाजूला सारत बसलेली पाहून त्या हायसं वाटण्याची त्याला लाज वाटली.

निशा आत जाऊन हात धुऊन आली, मालनबाईंच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि तिनेही मूठभर वाल आपल्या पुढ्यात घेतले. ती पोपटची सून. सासरे शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते तेव्हा त्यांचं सगळं तिने केलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली की आता हे इथेच ठेवू या. शिळेवर नाव नसलं म्हणून काय बिघडलं. एवढी वर्षं गेली, आता ते कागद उघडून कोणाचं भलं होणार आहे. सुशांतनेही मान हलवली. गावकीला कळवून टाकतो की कागदात काही स्पष्ट नाही, म्हणजे कोणाची मानहानी नको, असं त्याचं म्हणणं पडलं.

असं हे जवळजवळ मिटलं होतं. पण उत्तरा यायची होती.

उत्तरा मालनबाईंची थोरली मुलगी. ठाण्यात माजिवड्याला राहायची, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेय असा तिचा मघाच फोन येऊन गेला होता. केदारने तिला फोन लावून डी-ई-एसचं सांगितलं. मग तिने विचारलं की त्याच्यापुढे काही आहे का. केदार म्हणाला, पुढे भोक आहे, फायलीचं. आणि त्या भोकानंतर? त्यानंतर एच आणि एस आहे. आणि त्याच्या खाली? खाली आणखी बऱ्याच ओळी आहेत, पानभर.

"मी येईपर्यंत गावाला फोन करू नका," उत्तरा म्हणाली. "पळालेल्या माणसाच्या पुढे पानभर काय लिहितील?"

*

उत्तराने बरोबर युजीनकाकांना आणलं होतं. तिच्याच इमारतीतले, लष्कराच्या वैद्यकीय खात्यात क्लार्क म्हणून नोकरी करून परत आलेले. घोडबंदरकडच्या जुन्या ख्रिस्ती वाडीतलं घराणं, शेतीवाडी होती ती आता टॉवरखाली गेली. ते आल्या आल्या मालनबाईंना वाकून नमस्कार करून बसले आणि आधीच सांगून टाकलं, की माझ्यावर फार भरवसा ठेवू नका. माझी नोकरी सत्तर सालानंतरची, हे इंग्रजांच्या वेळचं आहे. त्यांची अक्षरं वेगळी असायची, आणि प्रत्येक क्लार्क आपल्या मनाने तोडायचा.

उत्तराने ओळीमागून ओळ घ्यायची असं ठरवलं. शाळेतली सवय. तिने कोरा कागद घेऊन डावीकडे अक्षरं उतरवली आणि उजवी बाजू रिकामी ठेवली.

सुरुवात बरी झाली. भरती, प्रशिक्षण, बोट, इटली. मग एक ओळ आली, तिच्यात एस. ओ. एस. होतं. सुशांत चटकन म्हणाला की हा तर मदतीचा इशारा, बुडणाऱ्या बोटीवरून देतात तो. म्हणजे आजोबा कुठेतरी अडकले होते, मदत मागत होते. मालनबाईंनी मान वर केली. उत्तराच्याही मनात क्षणभर ते चित्र उभं राहिलं आणि तिला ते खरं असावं असं फार वाटलं.

युजीनकाका हसले नाहीत. "सुशांत, माझं पण एसओएस झालेलं," ते म्हणाले. "रिटायर झालो त्या दिवशी. पलटणीच्या पटावरून नाव कमी केलं, एवढाच त्याचा अर्थ. बदली झाली तरी लिहितात, मेला तरी लिहितात."

"आणि पळाला तरी?" निशाने विचारलं.

"पळाला तरी."

उत्तराने उजव्या बाजूला लिहिलं, नाव कमी, आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

त्याच ओळीत एस. ओ. एस.च्या आधी एन. वाय. डी. एन. अशी चार अक्षरं होती. युजीनकाकांनी कागद उजेडाकडे धरला. पहिली तीन त्यांना माहीत होती. अजून निदान झालेलं नाही, असा त्याचा अर्थ. साधा ताप आला तरी डॉक्टर तेच लिहून वरच्या इस्पितळाकडे पाठवायचे. चौथं अक्षर मात्र त्यांना कळेना. त्यांनी आधी सांगितलं की नेपल्स असेल, तिथे मोठं इस्पितळ होतं. उत्तराने नेपल्स लिहून घेतलंही. मग त्यांनी स्वतःच ते खोडायला सांगितलं, आणि पुण्याला राहणाऱ्या आपल्या जुन्या सुभेदार साहेबांना फोन लावला. फोनवर ते इंग्रजीत बोलले, पुन्हा पुन्हा येस सर म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी उत्तराला खुणेने बाल्कनीत बोलावलं.

शेवटचं अक्षर मनाचं होतं, नर्व्हसचं. शरीराला जखम नाही, पण माणूस बोलत नाही, झोपत नाही, आवाज झाला की जमिनीवर पडून राहतो, अशांच्या कागदावर ते अक्षर घालत. मुद्दाम संदिग्ध ठेवत, म्हणजे शिपायालाही कळू नये आणि घरी गेलेल्या कागदावरूनही कळू नये.

उत्तराने आत येऊन आईला ते तसंच सांगितलं, शब्द न बदलता. आईपासून लपवून काही वाचायचं नाही, असं तिने बाल्कनीतून आत येताना ठरवलं होतं.

मालनबाई म्हणाल्या, "पुढे वाच."

*

पुढची ओळ तीच, डी-ई-एसची. आता मात्र ती वेगळी दिसू लागली. भोकाच्या कडेला एक बारीक काळी रेघ शिल्लक होती, सरळ उभी. युजीनकाकांनी बोटाने दाखवलं की तिथे आणखी एक अक्षर होतं, पी. भोक पाडताना गेलं. डी, ई, एस, पी, म्हणजे रवाना केलं. आणि एच. एस. म्हणजे हॉस्पिटल शिप, आजारी शिपायांना घेऊन येणारी बोट.

म्हणजे रघु उतेकर पळाले नव्हते. त्यांना बोटीत घालून घरी पाठवलं होतं.

सुशांतने टेबलावर हात आपटला आणि मग आपणच तो दुसऱ्या हाताने दाबून धरला. केदारच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं हे त्याचं त्याला कळलं नाही. निशाने मालनबाईंच्या पाठीवर हात ठेवला. मालनबाईंनी मात्र विचारलं, "बोट बुडाली का?"

बोट बुडाली नव्हती. पुढच्या ओळीत मुंबईला उतरल्याची तारीख होती, पंचेचाळीसचा मार्च. त्याखाली सी, एच, ए, आर आणि पुढे गुड. सुशांतने ते चार गुड असं वाचलं आणि कसल्या चार चांगल्या, असं विचारलं. कॅरेक्टर, असं उत्तरा म्हणाली. वर्तणूक चांगली. सेवेतून आजारपणामुळे मुक्त. आणि मग शेवटची ओळ, जिच्यापाशी सगळे अडले.

एच. ओ., मग एम. एच. ठाणा, मग एन. ओ. के., मग कंसात बी.

एच. ओ. म्हणजे ताब्यात दिलं, हे युजीनकाकांनी सांगितलं. सुशांत म्हणाला, झालं, म्हणजे पोलिसांच्या ताब्यात दिलं. ठाणा म्हणजे पोलीस ठाणं. मघाचा आनंद त्याच्या तोंडावरून उतरला. बोटीतून उतरल्यावर काहीतरी केलं असेल, मारामारी, नाहीतर तेव्हा पळाले असतील आणि पकडले गेले असतील. केदार म्हणाला, पण वर्तणूक चांगली लिहिलंय ना. सुशांत म्हणाला, ते आधीचं. युजीनकाकांचं म्हणणं, एम. एच. म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल, त्यात त्यांना शंका नव्हती, रोज लिहिलेली अक्षरं ती. पण पोलीस ठाण्यात मिलिटरी हॉस्पिटल कसं असेल हे त्यांनाही सांगता येईना. दोघे वाद घालत राहिले. निशा म्हणाली की कुठल्याशा गावाचं नाव असेल, ठाणा नावाची गावं पुष्कळ असतात. उत्तराने कागदावर तीन वेगवेगळे अर्थ लिहिले आणि तिन्हींपुढे प्रश्नचिन्हं काढली.

मग ती थांबली. तिच्या शाळेच्या जुन्या इमारतीवर इंग्रजांच्या वेळची एक पाटी होती, तिच्याखालून ती तीस वर्षं ये-जा करत होती. त्या पाटीवर ठाणे असं नव्हतं. इंग्रज ठाण्याला ठाणा लिहायचे.

"आपलं ठाणे," ती म्हणाली. "आणि युजीनकाका, ठाण्याला तेव्हा मिलिटरी हॉस्पिटल होतं का?"

युजीनकाकांनी नकारार्थी मान हलवली, आणि मान हलवता हलवताच त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी एक हात तोंडावर ठेवला. ठाण्याला एम. एच. एकच होतं. अजूनही आहे. तिकडच्या वाड्यांतली पोरं एकमेकांना चिडवताना त्याचंच नाव घ्यायची.

"वेड्यांचं इस्पितळ," मालनबाई म्हणाल्या. ते शब्द घरात पहिल्यांदा त्यांनीच उच्चारले. एम. म्हणजे मिलिटरी नव्हे, मेंटल.

शेवटी राहिला तो कंस. एन. ओ. के. म्हणजे घरचं जवळचं माणूस, ज्याच्या सहीने हे झालं ते. बी म्हणजे ब्रदर. रघु धोंडू उतेकर यांना एकच भाऊ होता.

*

निशाला वाटत होतं की आता कोणीतरी ओरडेल. कोणी ओरडलं नाही, आणि त्याने तिला जास्त भीती वाटली. सुशांत अगदी शांतपणे केदारला म्हणाला की तुझ्या आजोबांना माहीत होतं. केदार म्हणाला, असेल. सुशांत म्हणाला, असेल नाही, सही आहे. आपल्या सख्ख्या भावाला ठाण्यात ठेवलं आणि गावभर सांगितलं की पळाला. माझी आजी कल्याणला त्यांच्या घरी राबत होती, आणि तिचा नवरा मध्ये चार-पाच स्टेशनांवर होता.

केदारने कागद गोळा करायला सुरुवात केली. उत्तराने ते त्याच्या हातातून काढून घेतले. ते आमच्या आजोबांचे आहेत, असं ती म्हणाली. ज्या केदारने खटपट करून ते मागवले, त्याला ती आता आमचे आणि तुमचे असं सांगत होती, आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं तरी तिने शब्द मागे घेतले नाहीत.

निशा उभी राहिली. तिला सासऱ्यांची बाजू मांडायची होती आणि मांडायला तिच्याकडे काहीही नव्हतं. त्यांनी तिला कधी काही सांगितलं नव्हतं. तिने तेवढंच सांगितलं जेवढं तिला ठाऊक होतं. तेव्हा घरात दोन बहिणी लग्नाच्या होत्या. वेड लागलेला भाऊ आहे कळलं असतं तर दोघींपैकी एकीलाही कोणी उंबऱ्यात उभं केलं नसतं. पळालेला भाऊ चालला असता. लोक हसले असते, पण रक्ताला नाव ठेवलं नसतं.

"म्हणून माझ्या आजीला फसवायचं?" सुशांतने विचारलं. "मुलीला फसवायचं?"

"मला माहीत नाही," निशा म्हणाली. "मला खरंच माहीत नाही, सुशांत. पण त्यांनी वन्संना वाढवलंय, हेही खोटं नाही."

"माझ्या आईला फसवलं नव्हतं," मालनबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या वालांच्या ताटाकडे बघत होत्या.

त्यांनी सांगितलं ते असं. शेवंती, म्हणजे त्यांची आई, रोज सकाळी कुंकू लावायची. नवरा पळाला असला तरी कुठेतरी आहे, म्हणून लावायची. चाळीतल्या बायका मागे हसायच्या. मालन सोळा वर्षांची असताना एका सकाळी शेवंती उठली आणि कपाळ कोरं. मंगळसूत्रही नाही. मालनने विचारलं तेव्हा म्हणाली, आता पुरे झालं. पोपटकाका त्या दिवशी कामावर गेले नव्हते, मोरीच्या उंबऱ्यावर बसून होते, आणि त्यांनी डोकं भादरलेलं होतं. मालनने त्यांनाही विचारलं. उवा झाल्या होत्या, असं ते म्हणाले.

"तेव्हा मला काही कळलं नाही. माझं लग्न ठरत होतं, माझं लक्ष तिकडे," मालनबाई म्हणाल्या. "म्हणजे ते तेव्हा गेले. आईला ठाऊक होतं. दोघांनाही ठाऊक होतं. मलाच नव्हतं."

सुशांतचा राग कुठे ठेवावा हे त्याला कळेना. मघापासून तो एका माणसावर होता. आता त्यात त्याची आजी येऊन उभी राहिली होती, जिच्या मांडीवर तो वाढला. तो उठून बाल्कनीत गेला आणि थोड्या वेळाने केदार त्याच्या मागे गेला.

*

मालनबाईंना आणखी एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगावी की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं. ती गोष्ट त्यांना आत्ताच, त्या शेवटच्या ओळीपाशी आठवली होती. त्याआधी ती इतकी क्षुल्लक होती की कधी मनात यायचं कारणच नव्हतं.

तिसरीत की चौथीत असताना पोपटकाकांनी त्यांना एकदा ठाण्याला नेलं होतं. माझा एक दोस्त आहे, त्याला बघून येऊ, असं म्हणाले होते. मोठी झाडं, कौलारू लांबच लांब इमारत, बाहेर बाक. एक माणूस आला. अंगात पांढरा सदरा, केस अगदी बारीक कापलेले. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि मालनकडे बघत राहिला. पोपटकाका काहीच बोलले नाहीत. शेवटी त्या माणसाने विचारलं की तुझं नाव काय.

शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या जागी काकांचं नाव घातलेलं होतं. मास्तरांनी पूर्ण नाव सांगायला शिकवलेलं. मालन उभी राहिली, हात जुळवले आणि म्हणाली, "मालन पोपट उतेकर."

"तो काय म्हणाला?" उत्तराने विचारलं.

"म्हणाला, छान सांगितलंस. नेहमी असंच पूर्ण नाव सांगावं." मालनबाईंनी पदराने बोटं पुसली. "मग काकांकडे बघून त्याने मान हलवली. अशी, होकाराची. आणि उठून आत गेला. काका स्टेशनवर नळाखाली कितीतरी वेळ तोंड धूत होते. मला पुन्हा कधी नेलं नाही."

युजीनकाका खिडकीबाहेर बघत होते. निशाने डोळे पुसले नाहीत, तशीच बसून राहिली.

"तेच असतील ना, आई?" उत्तरा म्हणाली.

"असतील. नसतीलही. काकांचे दोस्त पुष्कळ होते." त्यांनी ताट बाजूला सारलं. "मला तोंड आठवत नाही गं. सदरा आठवतो. मी किती वेळ मघापासून तोंड आठवायचा प्रयत्न करतेय."

बिरडं त्या दिवशी झालं, पण उशिरा, आणि निशानेच केलं. गावकीच्या माणसाचा फोन जेवण चालू असतानाच आला. शिळा कोरणारा थांबलाय, काय ते सांगा, असं तो सुशांतला म्हणत होता. आजारपणात गेले असतील तर आम्ही कामी आलेल्यांत घालतो, तसा मान मोठा होतो, असंही त्याने सुचवलं. सुशांतने फोनवर हात ठेवून आईला विचारलं. मालनबाईंनी घास गिळला.

"परत आलेल्यांत घाल म्हणावं," त्या म्हणाल्या. "आले होते ते परत."

*

पुढच्या आठवड्यात ठाण्याला जायचं ठरलं तेव्हा उत्तरा म्हणाली की मी तिथलीच, मी नेते. सुशांत म्हणाला मी सुट्टी टाकतो. मालनबाईंनी दोघांनाही नको म्हणून सांगितलं आणि निशाला फोन केला. आपल्याला का बोलावतात, हे तिला कळत नव्हतं. मग तिने विचारलं की किती वाजता येऊ.

केदारने दोघींना फाटकापाशी सोडलं आणि गाडी लावायला पुढे गेला. उन्हं चढली होती. मालनबाई आत बघत होत्या. झाडं होती, पण ती त्याच झाडांपैकी होती का हे सांगता येत नव्हतं. इमारती नव्या-जुन्या मिसळलेल्या होत्या. बाक कुठे दिसला नाही. निशाने विचारलं, काही ओळखीचं वाटतंय का वन्सं, आणि त्या म्हणाल्या की नाही, काहीच नाही.

फाटकावरचा वॉचमन तरुण होता. त्याने कोणाला भेटायचंय म्हणून विचारलं. निशा सांगायला पुढे झाली की आम्हाला जुनं रेकॉर्ड बघायचंय, ऑफिस कुठे आहे. मालनबाईंनी तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं.

"रघु धोंडू उतेकर," त्या म्हणाल्या.

"पेशंट कोण लागतात तुमचे? नाव सांगा तुमचं."

"मालन रघु उतेकर. मुलगी."

वॉचमनने समोरच्या कागदावरून बोट फिरवलं. त्याला नाव सापडेना. त्याने वॉर्ड विचारला, तो मालनबाईंना माहीत नव्हता. मग त्याने कधीपासून आहेत म्हणून विचारलं.

"पंचेचाळीस सालापासून," मालनबाई म्हणाल्या.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. एकदा त्याने निशाकडेही पाहिलं, पण तिने मान खाली घातली होती. मग तो उठला, स्वतःची खुर्ची उचलून फाटकाच्या आत, सावलीत नेऊन ठेवली आणि म्हणाला, "बसा आजी. मी आत विचारून येतो."